न रंगवलेला साम्पो : आक्सेली गालेन-काल्लेला आणि अमूर्ताचा उंबरठा

हेलसिंकीच्या अतेनेउम संग्रहालयात १८९३ सालचं एक तैलचित्र आहे. भट्टी पेटलेली आहे, ज्वाळांचा उजेड राबणाऱ्या माणसांच्या अंगावर पडलाय आणि इल्मारिनेन हा लोहार भट्टीच्या तोंडाशी वाकून आत काय तयार झालंय ते निरखतोय. चित्राचं नाव ‘साम्पोची घडण’.

साम्पो म्हणजे ‘कालेवाला’ या फिन्निश महाकाव्यातलं अद्भुत जातं. हंसाच्या पिसाचं टोक, वांझ गाईचं दूध, जवाचा एक दाणा आणि मेंढीची लोकर एवढ्या सामानातून इल्मारिनेननं ते घडवायचं असतं. भट्टीतून आधी धनुष्य निघतं, मग नाव, मग कालवड, मग नांगर. प्रत्येकात काही ना काही खोट निघते, म्हणून ते मोडून पुन्हा आगीत टाकलं जातं. शेवटी साम्पो तयार होतो: एका अंगानं पीठ, दुसऱ्या अंगानं मीठ, तिसऱ्या अंगानं पैसा दळणारा. त्याचं झाकण रंगीबेरंगी आणि फिरतं असतं. काही अभ्यासकांनी त्या झाकणात ताऱ्यांनी भरलेलं आकाश पाहिलंय आणि साम्पोत सगळ्या विश्वाला धरून ठेवणारा खांब.

आता चित्रात साम्पो शोधा. तो कुठेच नाही. आहे तो फक्त त्याचा उजेड, माणसांच्या चेहऱ्यांवर आणि दंडांवर.

आक्सेली गालेन-काल्लेला या चित्रकाराचं सगळं प्रकरण मला या एका निर्णयात दिसतं. विश्वाची उत्पत्ती, तारे, सूर्य-चंद्र हे विषय त्याला आयुष्यभर पुरले. हात इतका तयार होता की कुठलंही माध्यम त्याला परकं नव्हतं. युरोपात अमूर्त चित्रकला जन्माला येत होती तेव्हा तिच्या जन्मदात्यांशी त्याचा थेट संबंध होता. तरीही त्यानं विश्व कॅनव्हासवर शुद्ध रंग-आकारांत मांडलं नाही. कलेचा इतिहास सांगणारे बरेच जण त्याला राष्ट्रीय पुराणकथांचा चित्रकार म्हणून एका कप्प्यात ठेवतात आणि पुढे सरकतात. मला ते पटत नाही. तो अमूर्तापर्यंत पोहोचला होता. फक्त आपण त्याला चुकीच्या ठिकाणी शोधतो.

माणूस आणि हात

जन्म १८६५, फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पोरी गावी, स्वीडिश बोलणाऱ्या घरात. मूळ नाव आक्सेल गालेन. १९०७ मध्ये त्यानं ते रीतसर फिन्निश करून घेतलं. हेलसिंकीत चित्रकलेचं शिक्षण, मग १८८४ मध्ये पॅरिसची अकादेमी ज्युलियाँ. त्याच वर्षीचं ‘कावळा आणि मुलगा’ हे चित्र पाहिलं तर कळतं की एकोणिसाव्या वर्षी हा मुलगा वास्तववादात किती पक्का होता. गवतात अनवाणी उभं पोर, समोर कावळा, आणि दोघांपैकी कोण कोणाला जोखतंय ते सांगता येत नाही.

पुढे त्यानं काय काय केलं याची यादी लांबलचक आहे. तैलरंग, टेम्पेरा, ओल्या गिलाव्यावरची भित्तिचित्रं, लाकडावरचे ठसे, रंगीत काचा, फर्निचर, गालिचे, पुस्तकांची सजावट. १९०७ मध्ये त्यानं मोटारी विकणाऱ्या ‘बिल-बोल’ या कंपनीचं पोस्टरही केलं. स्वतंत्र फिनलंडच्या ‘श्वेत गुलाब’ या सन्मानाचं पदक त्याच्याच हातचं. रुओवेसीच्या रानातलं कालेला हे ओंडक्यांचं घर त्यानं स्वतः आखलं, आणि एस्पोमधलं तार्वास्पा हे स्टुडिओ-घरही. तिथं आज त्याचं संग्रहालय आहे.

एवढं सगळं करणाऱ्या माणसाला ‘अष्टपैलू’ म्हणून मोकळं होता येतं. पण हे अष्टपैलूपण कुठून आलं ते पाहिलं पाहिजे, कारण या प्रकरणाची किल्ली तिथं आहे.

कालेवालातलं विश्व हातानं केलेलं आहे

एलियास ल्योनरोटनं लोकांच्या तोंडी असलेली गाणी गोळा करून १८३५ मध्ये ‘कालेवाला’ छापलं आणि १८४९ मध्ये ते वाढवून पन्नास सर्गांचं केलं. पहिल्याच सर्गात एक पक्षीण पाण्यावर तरंगणाऱ्या इल्मातार या वायुकन्येच्या गुडघ्यावर घरटं करते. अंडी फुटतात. पिवळ्या बलकाचा सूर्य होतो, पांढऱ्याचा चंद्र, ठिपक्यांचे तारे आणि काळपट भागाचे ढग. अंड्यातून विश्व निघाल्याची गोष्ट आपल्याला काही नवी नाही. पण कालेवालाचा पुढचा भाग वेगळा आहे. आकाशाचा घुमट इल्मारिनेन लोहारानं ठोकून तयार केलाय, तोही असा की कुठे हातोड्याची खूण नाही, चिमट्याचा वळ नाही.

म्हणजे या काव्यात आकाश ही कारागिरी आहे. आणि त्या कारागिरीला मर्यादाही आहे. लौही ही उत्तरेची मालकीण सूर्य-चंद्र डोंगरात लपवते तेव्हा इल्मारिनेन नवा सूर्य आणि नवा चंद्र घडवतो. वर नेऊन टांगतो. ते उजळत नाहीत.

गालेन-काल्लेलानं हे काव्य आयुष्यभर उशाशी ठेवलं. त्यानं साम्पो का रंगवला नाही याचं माझं उत्तर या न उजळणाऱ्या सूर्यापाशी आहे. हे अनुमान आहे, त्यानं असं कुठे लिहून ठेवलंय असा माझा दावा नाही. पण ज्याच्या नायकालाच बनवलेला सूर्य उजळवता आला नाही, त्यानं विश्वाचं यंत्र समोर ठेवून ‘हे पाहा’ म्हणण्याऐवजी त्याचा उजेड माणसांवर पाडावा, हे मला अगदी सुसंगत वाटतं.

१८९४ : ताऱ्यांकडे

एक वर्ष मात्र त्यानं आकाशालाच हात घातला. १८९४. पॅरिसमधल्या प्रतीकवादाचं आणि गूढवादी मंडळींचं वारं त्याच्यापर्यंत आलं होतं. ‘आद आस्त्रा’, म्हणजे ताऱ्यांकडे, हे त्या वर्षीचं चित्र. एक कोवळी मुलगी समोर तोंड करून वर येते आहे, दोन्ही हात उंचावलेले, तळवे उघडे. मागे मोठं तेजस्वी बिंब. तिचे लालसर केस त्या बिंबावर चहूकडे पसरलेत. देवळातल्या मूर्तीसारखी तंतोतंत समोरासमोरची मांडणी. यात गोष्ट जवळपास नाहीच. वर्तुळ, उभा देह आणि केसांच्या रेषा एवढ्यावर चित्र उभं आहे. १९०७ मध्ये तो पुन्हा याच चित्राकडे वळला, म्हणजे हा विषय त्याच्या मनातून गेला नव्हता.

त्याच वर्षीचं ‘सिम्पोसिओन’ जास्त गाजलं, तेही चुकीच्या कारणासाठी. हेलसिंकीच्या काम्प हॉटेलात त्याची, संगीतकार जॉं सिबेलियसची आणि वाद्यवृंदाचा संचालक रोबेर्ट काजानुसची रात्र-रात्र बैठक बसायची. कला, मृत्यू, विश्व असले विषय आणि भरपूर दारू. चित्रात हे मित्र टेबलाभोवती आहेत, संगीतकार ओस्कार मेरिकान्तो टेबलावर डोकं टेकून पडलाय, आणि कडेला एका अज्ञात आकृतीचे प्रचंड पंख दिसतात. जागे असलेले त्या पंखांकडे बघतायत. हेलसिंकीच्या प्रेक्षकांना दिसल्या त्या बाटल्या. ओळखीच्या मोठ्या माणसांना नशेत दाखवलं म्हणून ओरड झाली आणि पंख बाजूलाच राहिले.

मला या वर्षातलं तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सिबेलियसच्या ‘एन सागा’ या वाद्यवृंदरचनेवरचं जलरंगातलं चित्र. एका भागात सिबेलियसचा चेहरा, दुसऱ्या भागात संगीतातून सुचलेलं स्वप्नवत निसर्गदृश्य, आणि खाली एक रिकामी चौकट. त्या चौकटीत सिबेलियसनं आपली स्वरलिपी लिहायची होती. ती त्यानं कधीच लिहिली नाही. चित्र तसंच राहिलं. संगीताला चित्रात जागा करून द्यायची आणि ती जागा आपण न भरता संगीतकारासाठी सोडायची, असा विचार करणारा चित्रकार अमूर्तापासून फार लांब नसतो. पुढे अमूर्त चित्रकलेच्या जन्मदात्यांपैकी एक, रशियन चित्रकार कॅन्डिन्स्की यानं संगीताचाच दाखला देऊन वस्तू चित्रातून काढून टाकली. गालेन-काल्लेलानं सोळा-सतरा वर्षं आधी तो कोपरा मोकळा ठेवला होता.

बर्लिन, आणि त्यानंतरचा उजेड

१८९५ च्या सुरुवातीला तो बर्लिनला गेला. नॉर्वेचा चित्रकार एडव्हार्ड मुंक याच्याबरोबर तिथं त्याचं प्रदर्शन भरलं. तो तिकडे असतानाच घरी त्याची चिमुकली मुलगी मार्याता घटसर्पानं गेली.

त्यानंतरच्या चित्रांतली धूसरता ओसरते. रेषा कठीण होते, रंग सपाट होतात, टेम्पेरा (अंड्याच्या बलकात कालवलेले रंग) येतो. १८९७ चं ‘लेम्मिंकाइनेनची आई’ पाहा. काळ्या नदीकाठी मेलेला मुलगा, कालेवालातला वीर लेम्मिंकाइनेन, शेजारी आई, तिची मान वर. आईसाठी त्याची स्वतःची आई बसली होती. कालेवालात ही आई एका मधमाशीला आकाशात पाठवते. माशी चंद्रावरून, सूर्याच्या कडेनं, सप्तर्षींच्या खांद्यांवरून उडत जाऊन निर्मात्याच्या कोठारातून मलम आणते आणि मुलगा उठतो. काव्यात हा प्रवास म्हणजे अख्खं खगोल आहे. दुसऱ्या कोणाला तो रंगवायचा मोह झाला असता. गालेन-काल्लेलानं वरून उतरणाऱ्या सोनेरी किरणांच्या बारीक रेषा तेवढ्या ठेवल्या आणि आईचा चेहरा. भट्टीच्या चित्रातलाच निर्णय पुन्हा घेतलाय, पण या वेळी त्याची किंमत वेगळी आहे.

पोरीच्या दफनभूमीतलं युसेलिउस समाधिमंदिर याच दुःखाला जोडलेलं. एफ. ए. युसेलिउस या उद्योजकाची मुलगी सिग्रिड १८९८ मध्ये अकराव्या वर्षी गेली. तिच्यासाठी बांधलेल्या वास्तूतली भित्तिचित्रं त्यानं गालेन-काल्लेलाला दिली. मुलगी गमावलेल्या बापानं मुलगी गमावलेल्या बापासाठी केलेलं हे काम १९०३ मध्ये पूर्ण झालं. वसंत, शरद, हिवाळा, मृत्यूच्या नदीकाठी जमलेली माणसं. हिवाळ्याच्या चित्रात तर फक्त बर्फानं वाकलेली झाडं आहेत. दमटपणानं ही भित्तिचित्रं खराब झाली. वडिलांच्या कच्च्या आराखड्यांवरून मुलगा योर्मा यानं ती १९३० च्या दशकात पुन्हा रंगवली.

पॅरिस १९०० : घुमट आणि गालिचा

फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होतं आणि १८९९ च्या फेब्रुवारी जाहीरनाम्यानं त्याची स्वायत्तता आवळली गेली. अशा वेळी १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात फिनलंडनं स्वतःचा वेगळा मंडप उभारला. वास्तुरचना गेसेलिउस, लिंडग्रेन आणि सारिनेन या तरुणांची. घुमटावरची भित्तिचित्रं गालेन-काल्लेलाची. साम्पोची घडण, साम्पोचं रक्षण, सापांनी भरलेलं शेत नांगरणारा इल्मारिनेन. सापांचं शेत म्हणजे झारच्या जाचातला देश, हे घरच्या लोकांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

इथं त्याच्यावरचं ओझं नीट समजून घ्यावं लागतं. ज्या देशाला जगासमोर ‘आम्ही आहोत’ एवढंच म्हणायचंय, त्या देशाचा चित्रकार भिंतीवर नुसती वर्तुळं आणि पट्टे काढू शकत नाही. चित्रानं बोललं पाहिजे, आणि सगळ्यांना कळेल असं बोललं पाहिजे. कॅन्डिन्स्कीवर अशी जबाबदारी कोणी टाकली नव्हती.

पण त्याच मंडपात एक खोलीही होती. स्वीडिश काउंट लुई स्पारेनं १८९७ मध्ये पोर्वोला काढलेल्या ‘इरिस’ कारखान्याची. त्या खोलीतल्या फर्निचरची आखणी गालेन-काल्लेलाची होती आणि बाकावरून थेट जमिनीवर उतरणारा गालिचाही त्याचाच: ‘लिएक्की’ (१८९९), ज्योत. विणला ‘फिन्निश हस्तकलेचे मित्र’ या संस्थेनं, जी १८७९ मध्ये फानी खुरबेर्ग या चित्रकार स्त्रीनं सुरू केली होती. हा गाठी मारून विणलेला जाड लोकरीचा प्रकार, ‘र्युइयू’. फिनलंडमध्ये शतकानुशतकं तो थंडीत अंगावर घ्यायचं पांघरूण होता.

लिएक्कीवर कोणी नायक नाही, गोष्ट नाही, डोंगर-तळं नाही. उसळणाऱ्या, वळणाऱ्या ज्योतींच्या आकृत्या, त्यांच्यातली अंतरं आणि त्यांची लय. वर घुमटावर त्याच माणसाचा इल्मारिनेन भट्टीशी उभा आहे, आणि खाली बाकावर आग एकटीच उरली आहे. दोन्ही एकाच प्रदर्शनात, एकाच छताखाली. भिंतीवर त्याला जे सोडता येत नव्हतं ते त्यानं लोकरीत सोडलं. गालिच्याकडून कोणी राष्ट्राची कैफियत मागत नाही, म्हणून तिथं हात मोकळा होता. त्याचं अष्टपैलूपण मला इथं खऱ्या अर्थानं कळतं. एका माध्यमात अडलेला विचार त्यानं दुसऱ्या माध्यमात पुरा केला.

मंडप प्रदर्शनानंतर पाडला गेला, भित्तिचित्रंही गेली. त्यातल्या विषयांवर त्यानं १९२८ मध्ये हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या प्रवेशदालनात पुन्हा भित्तिचित्रं केली. गालिच्याची नक्षी मात्र विणली जात राहिली.

केइतेलेचं पाणी

तैलरंगात तो अमूर्ताच्या सगळ्यात जवळ आला तो १९०५ च्या सुमारास, केइतेले तळ्याच्या चित्रांत. एकच दृश्य, चार आवृत्त्या. त्यातली एक लंडनच्या नॅशनल गॅलरीनं १९९९ मध्ये विकत घेतली. आकार जेमतेम ५३ बाय ६६ सेंटिमीटर.

चित्राचा बहुतेक भाग पाणी आहे. वरच्या थोड्या जागेत झाडीनं भरलेलं बेट, त्यामागे किनारा आणि आकाशाची अरुंद पट्टी. खाली पाण्यावरून रुपेरी-करडे पट्टे तिरके धावतात, मोडतात, पुन्हा उलट दिशेला वळतात. मधल्या मोकळ्या पाण्यात बेटाचं आणि ढगांचं प्रतिबिंब तुटक तुटक दिसतं. हे पट्टे खरेच असतात. वारा आणि पाण्यातले प्रवाह यांच्यामुळे तळ्याचा काही भाग विस्कटतो आणि काही स्थिर राहतो. फिनलंडमध्ये त्यांना वाइनामोइनेनच्या नावेच्या वल्ह्यांनी उठलेल्या लाटा म्हणतात. म्हणजे कालेवालाचा नायक नुकताच इथून गेलाय. तो दिसत नाही, त्याची वाट दिसते.

चित्राच्या छापील प्रतीवर वरचा एक चतुर्थांश भाग हातानं झाका. उरतं ते अमूर्त चित्र: थंड करडा, फिकट निळा, रुपेरी, आणि तिरक्या पट्ट्यांचा ताण. हात काढला की बेट परत येतं आणि पट्टे पुन्हा पाणी होतात. चार आवृत्त्यांत विषय तोच ठेवून तो पट्ट्यांची मांडणी बदलत राहिला, त्याअर्थी काय पणाला लागलंय हे त्याला नीट ठाऊक होतं. तरी बेट त्यानं एकदाही काढून टाकलं नाही.

याच काळाच्या आगेमागे, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत, म्युनिकमध्ये ‘फालांक्स’ या मंडळानं त्याची चित्रं दाखवली होती. त्या मंडळाचा कर्ता वासिली कॅन्डिन्स्की. कालेवाला त्यानंही तरुणपणी वाचलं होतं आणि ते त्याला भावलं होतं. ड्रेस्डेनच्या ‘ब्रुके’ गटातल्या अभिव्यक्तिवादी तरुणांनीही गालेन-काल्लेलाला आपल्यात घेतलं. म्हणजे हा माणूस युरोपच्या एका कोपऱ्यात बसून जुनी गाणी रंगवत होता आणि नव्याचा त्याला पत्ताच नव्हता, हे चित्र साफ खोटं आहे. कॅन्डिन्स्की पुढे १९२६ मध्ये ‘काही वर्तुळं’ या चित्रात काळ्या अवकाशात तरंगणारी निळी, पिवळी, गुलाबी बिंबं रंगवतो. तिथं कुणाचा चेहरा नाही, भट्टी नाही, आई नाही. ते चित्र मला मनापासून आवडतं. पण त्यातले ग्रह कुणासाठी उगवत नाहीत, ते स्वतःपुरते आहेत. गालेन-काल्लेलाला असं आकाश मान्य झालं नसतं असं मला वाटतं, कारण त्याच्या काव्यातलं आकाश मुळात कुणीतरी कुणासाठी तरी ठोकून केलेलं होतं.

नंतर

१९०९ मध्ये तो कुटुंबासह ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत, नैरोबीकडे गेला. तिथल्या उन्हात त्याचे रंग भडकले. दीडशेच्या आसपास चित्रं झाली. १९१८ च्या यादवीनंतर फिनलंडचा राज्यकारभार पाहणाऱ्या सेनापती मानेरहाइमच्या कारभारात ध्वज, गणवेश, पदकं. १९२२ मध्ये ‘कोरु-कालेवाला’, म्हणजे पानापानावर सजावट असलेली आवृत्ती. १९२३ ते १९२६ अमेरिकेत, शिकागो आणि न्यू मेक्सिकोतलं ताओस. तिथं तो आणखी मोठ्या सचित्र कालेवालावर काम करत होता. ते पुरं झालं नाही. मार्च १९३१ मध्ये कोपनहेगनहून परतताना स्टॉकहोममध्ये न्यूमोनियानं तो गेला.

फिनलंडमध्ये अमूर्त चित्रकला जोमात आली ती १९५० च्या दशकात. चित्रकार साम वान्नीचं ‘कोंत्रापुंक्तुस’ हे भित्तिचित्र हेलसिंकीच्या प्रौढशिक्षण संस्थेच्या भिंतीवर लागलं तेव्हा सार्वजनिक जागेतलं अमूर्त काम म्हणून ते नवलाचं ठरलं. तोवर देश स्वतंत्र होऊन चाळीस वर्षं झाली होती. चित्रानं देशासाठी बोललंच पाहिजे ही सक्ती सैल झाली होती.

या चाळीस वर्षांमुळेच फिन्निश अमूर्त कलेची सुरुवात वान्नीच्या पिढीपासून मोजायची सवय पडली आहे. कॅनव्हास आणि भिंतींचा हिशोब केला तर ती मोजणी बरोबर आहे. पण गालिचे हस्तकलेच्या खात्यात, पुस्तकांची सजावट छपाईच्या खात्यात, पदकं सरकारी खात्यात आणि केइतेलेची चित्रं निसर्गचित्रांच्या खात्यात अशी विभागणी केल्यावर एकाच माणसाच्या डोक्यात चाललेला एक सलग प्रयोग दिसेनासा होतो. लिएक्कीची ज्योत आणि केइतेलेचे पट्टे एकाच भिंतीवर शेजारी लावले, मध्ये ‘आद आस्त्रा’ची प्रत ठेवली, आणि तारखा पुन्हा वाचल्या (१८९४, १८९९, १९०५) तर फिन्निश अमूर्ताची सुरुवात कुठून मोजायची हा वाद नव्यानं घालावा लागेल, आणि तो घालायला हवा.